मुक्तांगणच्या डॉ. अनिता अवचट: घरातल्या माणसासाठी व्यसनमुक्ती केंद्र शोधताना

घरात कोणी दारूच्या, गर्दच्या किंवा गोळ्यांच्या आहारी गेले, की कुटुंबाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे याला ठेवायचे कुठे? तुम्ही चिखलोलीत, म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये राहत असाल, तर हा शोध बहुधा कोणीतरी दिलेल्या मोबाइल नंबरावरून किंवा भिंतीवरच्या जाहिरातीवरून सुरू होतो. नंबर लावला की पलीकडून सांगतात, पत्ता द्या, आमची माणसे येऊन घेऊन जातील. रात्रंदिवसाच्या त्रासाने थकलेल्या घराला तेवढे ऐकूनही हायसे वाटते. पण तिथे पुढे काय होणार, हे विचारायचे राहून जाते.

१९८०च्या दशकात महाराष्ट्रात असे पर्याय फार थोडे होते. त्या काळात पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी व्यसनी माणसाला कसे वागवावे, त्याच्या घरच्यांना कसे सामावून घ्यावे आणि केंद्रातून बाहेर पडल्यावर त्याच्यासोबत कसे राहावे, याची एक घडी बसवली. त्या डॉ. अनिता अवचट. आज कोणतेही केंद्र निवडताना तुम्ही जे तपासून पाहायला हवे, ते त्यांच्या कामातून नीट समजते. म्हणून हा लेख त्यांच्या आयुष्याच्या आधाराने लिहिला आहे.

मनोरुग्णालयातल्या डॉक्टर

अनिता अवचट यांना जवळची माणसे सुनंदा या नावानेही ओळखत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. तिथेच शिकलेले अनिल अवचट त्यांचे पती. अनिल यांनी काही काळानंतर डॉक्टरी सोडली आणि ते लेखनाकडे वळले. हमाल, विडी कामगार, भटके-विमुक्त अशा माणसांमध्ये फिरून ते लिहीत. घर चालायचे ते अनिताताईंच्या नोकरीवर. दोन मुलींना सांभाळणे, स्वयंपाक आणि घरकाम यांत अनिल यांचा मोठा वाटा असे. त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरात ही रीत नवीनच होती.

अनिताताई येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काम करत. हे देशातल्या मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक. अशा ठिकाणी डॉक्टरला रोज दिसणारी गोष्ट म्हणजे आजाराइतकाच जड असलेला कलंक. नातेवाईक रुग्णाला आणून सोडतात आणि परत येत नाहीत. बरा झालेला माणूसही घरी नकोसा होतो. पुढे व्यसनी माणसांसाठी काम करताना त्यांनी कुटुंबाला उपचाराच्या बाहेर ठेवले नाही. त्यामागे मनोरुग्णालयातल्या या अनुभवाची पार्श्वभूमी होती.

गर्द आले तेव्हा

१९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात एक नवे व्यसन पसरू लागले. हेरॉइनचा भेसळयुक्त, तपकिरी रंगाचा प्रकार, म्हणजेच ब्राउन शुगर. मराठीत त्याला गर्द हे नाव रूढ झाले. चंदेरी कागदावर ठेवून खालून आच द्यायची आणि धूर ओढायचा, अशी त्याची पद्धत. दारूचे व्यसन जडायला बहुतेकांना वर्षे लागतात. गर्दला काही आठवडे पुरत. कॉलेजात जाणारी, चांगल्या घरची मुले घरातली भांडी, दागिने विकू लागली आणि आईवडिलांना कारणच कळेना.

अवचटांच्या ओळखीच्या एका घरातला तरुण मुलगा यात सापडला, आणि हा प्रश्न त्यांच्या दारात आला. अनिताताई डॉक्टर म्हणून मदत करू लागल्या. अनिल यांनी गर्द घेणाऱ्या मुलांना भेटून, माहिती काढून महाराष्ट्र टाइम्समध्ये लेखमाला लिहिली. पुढे त्याचे 'गर्द' हे पुस्तक झाले. ती लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काही उभे राहणार असेल तर आर्थिक मदत करू, असे त्यांनी कळवले. पैशाची सोय झाली तरी रुग्णांची जबाबदारी घेणारा डॉक्टर हवा होता. ती अनिताताईंनी उचलली.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याच सुमारास, म्हणजे १९८५मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा कडक केंद्रीय कायदा देशात लागू झाला होता. पोलीस आणि कोर्ट एका बाजूला उभे राहत असताना, याच मुलांना रुग्ण म्हणून दाखल करून घेणारी जागा दुसऱ्या बाजूला तयार होत होती.

शरीरातले विष उतरवणे: पहिली पायरी

अनिताताई मानसोपचारतज्ज्ञ होत्या, त्यामुळे व्यसन हा आजार आहे ही त्यांच्या कामाची सुरुवातच होती. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. माणूस वाईट आहे म्हणून पीत नाही आणि फक्त शपथ घातल्याने थांबू शकत नाही. रोजच्या सेवनाने मेंदूचे काम बदललेले असते. नशा अचानक बंद केली की शरीर बंड करते. यालाच विथड्रॉवलची लक्षणे म्हणतात.

दारू आणि गर्द यांत इथे मोठा फरक आहे, आणि तो घरच्यांनी ओळखायला हवा.

- दारू: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले, तर काही तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप न लागणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे, किडे दिसतात, ताप येतो, वेळ-जागेचे भान जाते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून जुन्या, रोजच्या दारुड्याला घरात कोंडून दारू बंद करू नका. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यावे लागते.
- गर्द: अंग ठणकणे, नाक-डोळ्यांतून पाणी, जुलाब, उलट्या, पोटात पेटके. त्रास प्रचंड असतो, दोन-तीन दिवसांत टोकाला जातो आणि आठवड्याभरात बराच ओसरतो. खरा धोका नंतर असतो. काही आठवडे नशा न केलेल्या शरीराची सहन करण्याची ताकद कमी झालेली असते. केंद्रातून आल्यावर माणसाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो.
- झोपेच्या किंवा चिंता कमी करणाऱ्या गोळ्या: याही एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात.

हे काही दिवस सरले की रुग्ण टवटवीत दिसतो, जेवू लागतो, आणि घरच्यांना वाटते, झाला बरा. मुक्तांगणची रचना या समजाच्या विरुद्ध होती. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा ठरला. शरीर सावरल्यावरचा बाकीचा काळ गटचर्चा, समुपदेशन, व्यायाम, ठरलेली दिनचर्या यांसाठी होता. अनिल अवचट यांचे ओरिगामी, लाकडातले कोरीव काम, बासरी असे छंदही तिथे पोहोचले. नशेने रिकामा केलेला दिवस पुन्हा भरायला शिकणे हाही उपचाराचाच भाग होता.

मारहाण नाही

त्या काळी, आणि दुर्दैवाने काही ठिकाणी आजही, व्यसनी माणूस मारानेच सुधारतो असा समज होता. मुक्तांगणमध्ये मारहाण आणि अपमान यांना जागा नव्हती. आपली कामे रुग्ण स्वतः करत, साफसफाईत सगळे हात लावत. श्रीमंत घरातला आणि झोपडीतला एकाच पंगतीला बसे.

आणखी एक मोठा निर्णय म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कामात घेणे. ज्याने कधीकाळी घरातले पैसे चोरले, त्याच्या हाती केंद्राची जबाबदारी द्यायची, यात जोखीम होती. पण नुकत्याच दाखल झालेल्या, थरथरणाऱ्या माणसाला डॉक्टरपेक्षा त्याचे बोलणे लवकर पटते. यातून कार्यकर्त्यांची आणि समुपदेशकांची एक फळी तयार झाली. तिथली माणसे अनिताताईंना मॅडम म्हणत, आणि त्यांच्या धाकात प्रेमच जास्त होते, असे त्यांच्यासोबत काम केलेल्यांच्या आठवणींतून दिसते.

तेव्हा जे एका डॉक्टरने आपल्या विवेकाने ठरवले, त्यातले बरेच काही आता कायद्यात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकार धरलेले आहेत. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही, एकट्याला कोंडून ठेवता येत नाही. तो स्वतः तयार नसेल तर घरच्यांनी नुसती सही देऊन त्याला आत टाकता येत नाही. अशा दाखल्यासाठी कायद्याने ठरवलेली कारणे लागतात आणि मानसोपचारतज्ज्ञासह दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. पहिल्यांदा हा दाखला जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो, आणि त्याविरुद्ध रुग्णाला दाद मागता येते. जबरदस्तीने गाडीत घालून नेतो म्हणणाऱ्या केंद्राला, तपासणी कोणते डॉक्टर करणार, हे आधी विचारा.

घरच्यांचाही उपचार

दारुड्याची बायको ही त्या घरातली दुसरी रुग्ण असते. ती मार खाते, पैसे लपवते, मालकाला फोन करून नवरा तापाने आजारी असल्याचे सांगते, आणि वर सासूबाईंकडून ऐकून घेते की तू नीट वागली असतीस तर तो प्यायला नसता. मुक्तांगणमध्ये अशा बायकांसाठी सहचरी हा गट उभा राहिला. तिथे त्या एकमेकींशी बोलतात, आणि हे आपल्यामुळे झालेले नाही हे हळूहळू त्यांना कळते.

आई, वडील, वहिनी, मोठा मुलगा, कोणीही असा, तुमच्यासाठी यातून तीन गोष्टी निघतात:

- त्याचे कर्ज फेडणे, कामावर खोटी कारणे देणे हे प्रेमापोटी होते, पण त्यामुळे व्यसनाचे चटके त्याला बसत नाहीत. हे थांबवा. मुलांची फी आणि घरखर्चाचे पैसे मात्र वेगळे सांभाळा.
- दारू सुटण्याचे औषध चहात किंवा भाजीत लपवून देऊ नका. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर रक्तदाब घसरणे, छातीत धडधड, उलट्या असा गंभीर त्रास होतो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.
- मारहाण होत असेल तर आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता. त्याच्या उपचाराची वाट पाहत सहन करत राहू नका.

शेवटची वर्षे

काम वाढत असतानाच अनिताताईंना कर्करोग झाला. उपचार, दुखणे, पुन्हा उभे राहणे असा काळ गेला. त्या आजारातही त्यांनी मुक्तांगणचे काम सोडले नाही. रोज नव्या रुग्णाला धीर द्यायचा आणि स्वतःच्या आजाराशीही झगडायचे, असे त्यांचे दिवस होते. फेब्रुवारी १९९७मध्ये त्यांचे निधन झाले. केंद्राला तेव्हा अकरा वर्षेही झाली नव्हती.

संस्थापक गेला की संस्था ढासळते, असा आपल्याकडचा अनुभव. इथे तसे झाले नाही, कारण कामाची सूत्रे आधीच बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हातांत रुजलेली होती. अनिल अवचट २०२२मध्ये जाईपर्यंत केंद्राशी जोडलेले राहिले. मानसशास्त्र शिकलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी कामाची धुरा घेतली. आज येरवड्यात मुक्तांगणची स्वतःची इमारत आहे, आणि व्यसन असलेल्या स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे. स्त्रीचे व्यसन घरात जास्त दडवले जाते आणि म्हणून उपचार उशिरा मिळतो. तुमच्या घरी तसे असेल, तर स्त्रियांची वेगळी सोय आहे का हे पहिल्याच फोनवर विचारा.

मुक्तांगणने पाठपुरावाही महत्त्वाचा मानला. ३५ दिवसांनी माणूस घरी जातो, आणि तोच नाका, तेच मित्र, तोच पगाराचा दिवस समोर येतो. म्हणून ठरावीक दिवशी येऊन भेटणे, गटात बसणे, आणि नशेविना एक वर्ष पूर्ण झाले की त्याचा वाढदिवस साजरा करणे, अशी रीत तिथे आहे. मध्ये कोणी पुन्हा प्यायला तर त्याच्यासाठी दार बंद होत नाही. मधुमेहात साखर वाढली म्हणून आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, औषध आणि पथ्य पुन्हा तपासतो. इथेही तसेच.

चिखलोलीतून शोध कुठून सुरू कराल

पुण्यालाच जायला हवे असे नाही. क्रमाने असे पाहा:

1. फोन: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्हीकडे जवळच्या केंद्राची माहिती विचारता येते. रुग्ण तयार नसला तरी तुम्ही स्वतः फोन करू शकता.
2. जवळचे सरकारी रुग्णालय: अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते हे विचारा. यकृत, साखर, रक्तदाब यांची तपासणी इथेच करून घ्या.
3. ठाणे प्रादेशिक मनोरुग्णालय: लोकलने ठाणे आणि पुढे रिक्षा. राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. इतर तीन पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे.
4. मुंबईची वैद्यकीय महाविद्यालये: केईएम, जे. जे., नायर, सायन यांचे मानसोपचार विभाग.
5. संस्था: सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रे. त्यांची यादी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. याशिवाय वसईत कृपा फाउंडेशनचे आणि पुण्यात मुक्तांगणचे केंद्र आहे.
6. गट: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात. उपचारानंतर हाच रोजचा आधार ठरतो.

प्रत्येकाला दाखल व्हावेच लागते असेही नाही. सेवन कमी असेल, पूर्वी फिट आलेली नसेल आणि घरी आधार असेल, तर ओपीडीतून उपचार होऊ शकतात. हा निर्णय डॉक्टरांना तपासून घेऊ द्या.

केंद्राला विचारायचे प्रश्न

- मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवाल का?
- मानसोपचारतज्ज्ञ कोण, आणि आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री फिट आली तर रुग्णाला कुठे नेता?
- मारहाण, बांधून ठेवणे होत नाही, हे लेखी द्याल का?
- घरच्यांना भेटता येते का? किती दिवसांनी? फोनवर बोलता येते का?
- कुटुंबासाठी समुपदेशन आहे का?
- किती दिवस, एकूण खर्च किती, औषधांचे वेगळे पैसे का? पावती मिळेल का?
- बाहेर पडल्यावर पाठपुरावा कसा करता? पुन्हा प्यायल्यास काय करता?

शक्य असेल तर दाखल करण्याआधी स्वतः जाऊन जागा पाहा. आत राहणाऱ्या माणसांचे चेहरे पाहा, स्वयंपाकघर पाहा. भेटू देत नाहीत, प्रश्न टाळतात किंवा शंभर टक्के खात्री देतात, तर दुसरे ठिकाण शोधा. व्यसनाच्या उपचारात अशी खात्री कोणताही प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

लगेच रुग्णालयात न्या

दारू बंद केल्यावर फिट, भ्रम, तीव्र ताप किंवा बेभान अवस्था. नशेनंतर न उठणे, श्वास मंद होणे, ओठ निळे पडणे. रक्ताची उलटी किंवा काळी शौच. आत्महत्येचे बोलणे किंवा प्रयत्न. अशा वेळी व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावत बसू नका. १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि जवळच्या रुग्णालयात जा. केंद्राचा विचार जीव सावरल्यावर.

डॉ. अनिता अवचट यांना या कामासाठी साडेदहा वर्षे मिळाली. त्या काळात त्यांच्याकडे आलेले अनेक जण आज आजोबा झालेले असतील, आणि त्यांच्या नातवंडांना त्या दिवसांची कल्पनाही नसेल. तुमच्या घरातला माणूस उद्याच सुटेल असे नाही. एखादे वेळी तो दोनदा, तीनदाही घसरेल. तरीही वरच्या यादीतला पहिला फोन आज करा, आणि पुढच्या भेटीचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषधे सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.*